करंजीला किती हात लागतात?

२०२५ साली ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी होती, आणि त्याच रात्री चीनमध्ये शरदाचा चंद्रोत्सव होता. त्या सणाला तिकडे घरची माणसं जमून मूनकेक खातात, म्हणजे सारण भरलेली गोल भाजणी-मिठाई. नातवानं मला विचारलं, "आजोबा, आपला मूनकेक कोणता?" मी म्हटलं, करंजी. चंद्र अर्धा आहे एवढंच!

मूनकेकची एक गोष्ट फार सांगतात. चौदाव्या शतकात मंगोल सत्तेविरुद्धच्या उठावाचे निरोप म्हणे त्यात लपवून पाठवले. इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. उलट, इ.स. ६४७च्या सुमारास तांग सम्राट ताइत्सुंगनं साखर करण्याची विद्या शिकायला मगधात माणसं पाठवली, ही नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. पण ती कुणी सांगत नाही. उठाव लक्षात राहतो, साखर करणारे हात राहत नाहीत.

आता आपल्याकडे या. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' छापलं गेलं, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. छापील कृती एकट्या वाचणारीशी बोलते. करंजी मात्र एकटीचं काम नाही. लाटलेली पारी उघडी राहिली की सुकते, मग कड नीट चिकटत नाही. अशी करंजी कढईत फुटते, सारण तुपात सांडून करपतं. म्हणून एकीनं लाटायचं, दुसरीनं भरायचं, तिसरीनं कातायचं, चौथीनं तळायचं. माया असतेच हो, पण बायकांना एकत्र बसवलं ते आधी या सुकणाऱ्या पारीनं.

मग प्रश्न येतो, बसायचं कुणी? दिग्रसला आमच्या ओसरीवर, १९६०च्या आसपास, चार घरच्या बायका जमायच्या. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी होत्या. १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या. दर दिवाळीला त्यांच्या घरी फराळाचं ताट जायचं. पोळपाट मात्र त्यांच्यापुढे कधी आला नाही. घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली होती. आमच्या ओसरीला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

एका वर्षी मावशींनी ताट परत पाठवलं. आईला म्हणाल्या, "बाई, खायले देता, मंग लाटायले काऊन नाही बोलावत?" आई काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीत तिनं एक पोळपाट जास्त मांडला. मावशी आल्या नाहीत. तो पोळपाट दिवसभर तसाच कोरडा राहिला.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, समतेवर पुष्कळ बोललो. पण समता म्हणजे काय, हे मला त्या कोरड्या पोळपाटानं आधी शिकवलं. देणं सोपं असतं, कारण देणारा वरच राहतो. सोबत काम करायला बसवलं की वर-खाली उरत नाही. आणि हेही कबूल करतो, आम्ही पुरुष तेव्हा नुसते खाणारे होतो. मी पहिली करंजी लाटली ती निवृत्तीनंतर, आणि ती फुटली.

तेव्हा यंदा करंज्या करायला बसाल, तेव्हा सारणाचं प्रमाण बघाच. पण आपल्याकडे कोण बसलंय आणि कुणाकडे नुसतं ताट जातंय, तेही बघा.