शेअर सर्टिफिकेटवरचं नाव



दशलक्षण पर्वाआधीची साफसफाई चालू होती. सासऱ्यांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या कपाटात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सापडलं. पन्नास रुपयांचे पाच शेअर्स, नाव फक्त सासऱ्यांचं. सोसायटीत दिलेल्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर थोरल्या दिरांचं नाव. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "माझं नाव कुठंच नाही का गं? या घराच्या पहिल्या हप्त्याला माझ्या पाटल्या मोडल्या होत्या."

मला उत्तर देता आलं नाही. मग मी या कागदाचा इतिहासच शोधायला बसले.

मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे पुढारी. एकट्याला न परवडणारी जागा दहाजणांनी मिळून घ्यायची, ही कल्पना तिथून रुजली. पुढे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. बिल्डरांच्या फसवणुकीला आळा घालायला 1963 चा मोफा आला. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते. आपल्याकडे असतात ते शेअर्स आणि त्यासोबत येणारा फ्लॅटचा हक्क. 1970 च्या अपार्टमेंट कायद्यात मात्र फ्लॅट थेट मालकाचा आणि जिना, गच्ची, जमीन यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. दोन्हीकडे प्रश्न एकच: कागदावर नाव कोणाचं?

वारसाहक्काचं वाचताना मी थबकले. 1878 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे उत्तर हिंदुस्थानातल्या एका सरावगी अग्रवाल जैन विधवेचा खटला गेला होता. तिचं नाव डाखो. मुलगा नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण मालकी मिळते, ही त्या जैन समाजाची रूढी कोर्टानं मान्य केली. त्या काळी हिंदू विधवेचा हक्क सहसा हयातीपुरताच असे, विकायची किंवा दान द्यायची मोकळीक नसे. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 1926 मध्ये 'द जैन लॉ' हे पुस्तक लिहून जैनांची स्वतंत्र वारसापद्धत जगापुढे मांडली. पण रूढी कोर्टात सिद्ध करावी लागे. ती झाली नाही, तर जैनांनाही हिंदू कायदाच लागू होई.

1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्यानं स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा दिला. तरी त्यात एक कलम 23 होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ मागत नाहीत तोवर मुलीला मागता येत नसे. म्हणजे हक्क होता, पण राहत्या घराच्या दाराशी येऊन थांबत होता. 2005 मध्ये ते कलम गेलं.

आणि नॉमिनी? सोसायटीनं कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्या नावानं ठरतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांचे वाटे जागच्या जागी राहतात.

हे मी घरात सांगितलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे. या वयात कशाला परिग्रह?" मला ते पटेना. परिग्रह-परिमाण हे श्रावक-श्राविकेचं व्रत आहे. आपल्याजवळ जे आहे त्याला मर्यादा घालायची. जे आपल्या नावावरच नाही त्याला मर्यादा कशी घालणार, त्याचा त्याग कसा करणार? दहाव्या-अकराव्या शतकातल्या अत्तिमब्बेला आपण दानचिंतामणी म्हणतो. विधवा असूनही तिनं 1007 साली लक्कुंडीचं जिनालय उभारलं. हाती धन होतं म्हणून हातून दान झालं.

आपल्याकडे बाप गेला की भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या करतात त्या बहिणी. मीही माझ्या माहेरी न वाचता केली आहे. आमच्या सासरी मात्र यंदा उलटं घडलं. थोरले दीर आधी गप्प होते. दोन दिवसांनी तेच म्हणाले, "आईच्या नावानं करूया." दोघा भावांनी आणि नणंदेनं आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं, रजिस्टरही केलं. पुढं सोसायटीनं सर्टिफिकेटच्या मागे सासूबाईंचं नाव चढवलं.

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आता सांग, पाठशाळेला काय देता येईल?"

मैत्रिणींनो, क्षमावणीच्या आधी एकदा आपल्या घरातलं सर्टिफिकेट काढून बघा. नाव बघा, नॉमिनी बघा. आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. मी वाचला नव्हता.