डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. लेखणी धरणारा हातच गेला.

उजवे अंग जाते तेव्हा इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते. गुठळी विरघळवणारे औषध यायला अजून शतक होते. पाठीशी होते ते डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार, सावित्रीबाईंची शुश्रूषा आणि स्नेह्यांचा आधार. पैशाची चणचण होतीच.

पक्षाघातातून वाचलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते, असे आजचे वैद्यक सांगते. ते जडले की व्यायामाची उमेद खचते आणि सुधारणाही रेंगाळते. घरची माणसे आणि हाती उरलेले काम, या दोहोंचे मोल इथे औषधाइतकेच.

जोतीरावांच्या मनात काय चालले असेल, हे आपण ठरवू नये. कृती मात्र ठाऊक आहे : ते डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये पुरे झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पुस्तक छापून आले ते १८९१ मध्ये.