न्यायनिर्णयांतील मूक फेरफार आणि त्यांवरील यांत्रिक पहारा

इ. स. 1857 च्या मार्च महिन्याच्या 6 तारखेस अमेरिकेचे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातील निर्णय न्यायासनावरून वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी आपले भिन्नमत वाचले. पुढे टॉनी आपल्या निर्णयपत्रात भर घालीत आहेत अशी वार्ता कानी आल्यावरून कर्टिस यांनी न्यायालयाच्या दप्तरातून त्या पत्राची प्रत मागविली; ती देण्यास नकार मिळाला. निर्णय छापून प्रसिद्ध झाल्यावर त्यात 18 हून अधिक पानांचा मजकूर नव्याने घातला गेला आहे, असा अंदाज कर्टिस यांनी नमूद केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी न्यायासनाचा राजीनामा दिला.

या प्रसंगात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कर्टिस यांच्यापाशी पुरावा म्हणून केवळ त्यांची स्मृती होती. त्यांनी पहिला पाठ ऐकला होता, दुसरा पाहिला. परंतु दोन्ही पाठ शेजारी ठेवून ओळीस ओळ लावून पाहण्याची सोय त्यांना नव्हती. निर्णयपत्रातील फेरफार हा नवा दोष नव्हे. तो न्यायालयाइतकाच जुना आहे. नवी आहे ती तो पकडण्याची रीत, आणि ती रीत एका अगदी साध्या सॉफ्टवेअरच्या रूपाने इ. स. 2014 मध्ये त्याच न्यायालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एकदाच प्रसिद्ध होत नाही. निकालाच्या दिवशी त्याची एक पुस्तिका वाटली जाते. मग सुटे निर्णयपत्र निघते. त्यानंतर प्राथमिक मुद्रण, आणि अखेरीस ‘युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स’ या मालेतील बांधीव खंड. या चार अवस्थांत कित्येक वर्षे लोटतात. सुट्या निर्णयपत्राच्या माथ्यावर हा मजकूर औपचारिक दुरुस्तीस अधीन आहे अशी सूचना छापलेली असते, व अक्षरदोष आढळल्यास कळवावे अशी विनंतीही असते. मुद्रणाच्या काळात या व्यवस्थेला एक नैसर्गिक लगाम होता. सुट्या पत्राच्या प्रती एकदा ग्रंथालयांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत पोहोचल्या की त्या परत बोलाविणे शक्य नसे. दुरुस्ती झाली तरी जुना पाठ कोठेतरी फडताळात शिल्लक राहीच.

एप्रिल 2000 मध्ये न्यायालयाने आपले संकेतस्थळ सुरू केले आणि हा लगाम सुटला. संकेतस्थळावरील लेख हा वाटलेल्या प्रतींचा समूह नसून सर्व्हरवर ठेवलेली एकच प्रत असते. जो येतो तो तीच पाहतो. तिच्या जागी दुसरी ठेवली की पहिली, तिचा पत्ता व तिच्यावरील दिनांक तसाच राहून, नाहीशी होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकांपुढे निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या एकाच वेळी हजर होत्या. अडचण होती ती पाठांच्या विपुलतेची. येथील अडचण नेमकी उलट आहे. येथे नवा पाठ अवतरतो तोच मुळी जुन्याच्या जागी.

या फेरफारांचे स्वरूप केवळ अक्षरदोषांचे असते तर त्यांची चर्चा करण्याचे कारण नव्हते. हार्वर्ड विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड लॅझरस यांनी या प्रथेचा दीर्घ अभ्यास केला. तो डिसेंबर 2014 मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील मुख्य निष्कर्ष त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लोकांपुढे आणले होते. निर्णयांतील वस्तुस्थितीविषयक व कायद्याविषयक विधानेही मागाहून, कोणतीही जाहीर सूचना न देता, बदलली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय बदललेल्या पानांची माहिती कायद्याची पुस्तके काढणाऱ्या मोजक्या प्रकाशकांना मिळे, सामान्य वाचकास मात्र मिळत नसे. एखाद्या वकिलाने निकालाच्या दिवशी उतरवून घेतलेले वाक्य पुढे न्यायालयात उद्धृत करावे, आणि ते वाक्यच आता निर्णयात नाही असे प्रतिपक्षाने दाखवावे, हा प्रसंग कल्पनेतला राहिलेला नव्हता.

29 एप्रिल 2014 चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या दिवशी पर्यावरण संरक्षण संस्थेविरुद्ध ईएमई होमर सिटी या वीजकंपनीने चालविलेल्या वादात न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी भिन्नमत लिहिले. खर्चाचा विचार करण्याचा अधिकार या संस्थेने 2001 च्या एका पूर्वीच्या खटल्यातही मागितला होता, असे त्यांनी त्यात म्हटले. वस्तुतः त्या खटल्यात तशी मागणी प्रतिपक्षाची, म्हणजे मालमोटार-व्यावसायिकांची होती. संस्थेने तिला विरोध केला होता. चूक अधिकच विलक्षण अशासाठी की, 2001 चा तो निर्णय स्वतः स्कालिया यांनीच लिहिलेला होता. कायद्याच्या प्राध्यापकांनी ही गोष्ट निदर्शनास आणताच संकेतस्थळावरील पाठ बदलण्यात आला. संस्थेचा उपहास करणारे त्या भागाचे शीर्षक जाऊन त्याजागी ‘आमचे पूर्वनिर्णय’ अशा अर्थाचे साधे शीर्षक आले. बदल झाल्याची सूचना मात्र कोठेही नव्हती.

लॅझरस यांचे संशोधन हे मागे वळून केलेले संशोधन होते. पुढे पाहणारा पहारा बसविला तो डेव्हिड झ्व्हेन्याक यांनी. वॉशिंग्टनच्या नगर परिषदेचे ते त्या वेळी विधी-सल्लागार होते. जून 2014 मध्ये त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर 5 मिनिटांनी न्यायालयाच्या संकेतस्थळावरील सुटी निर्णयपत्रे तपाशी व एखादे बदललेले आढळले की ट्विटरवर तशी वर्दी देई. नेमके काय बदलले हे झ्व्हेन्याक मग स्वतः पाहत आणि फरक खुणा करून दाखवीत.

या कामातील यंत्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे समजण्यासाठी त्यामागील तंत्र थोडे पाहिले पाहिजे. वेबच्या व्यवहाराचे जे नियम 1996 मध्ये ग्रथित झाले त्यांत, अमुक वेळेनंतर हे पान बदलले आहे काय, असे सर्व्हरला विचारण्याची तरतूद होती. बदल नसेल तर सर्व्हर 304 या आकड्याने उत्तर देतो. ही सोय स्वस्त खरी, पण तीत ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्याचीच साक्ष घेतली जाते. म्हणून पहारेकरी सॉफ्टवेअर बहुधा मजकूरच उतरवून घेते व त्यावरून गणिताने एक छोटी संख्या काढते. मजकुरात एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी ही संख्या बदलते. मात्र काय बदलले हे ती सांगत नाही. त्यासाठी दोन पाठांची तुलना लागते, आणि तिची पद्धत जेम्स हंट व डग्लस मॅक्इलरॉय यांनी बेल प्रयोगशाळेच्या 1976 च्या वृत्तान्तात मांडली होती : दोन्ही पाठांत त्याच क्रमाने येणाऱ्या सामाईक ओळींची सर्वांत लांब मालिका शोधावयाची, तिच्याबाहेर जे उरेल तो फेरफार. वेबच्या पानांत ओळ हे परिमाण निरर्थक ठरते, हे ओळखून एटी अँड टी कंपनीतील फ्रेड डग्लिस व थॉमस बॉल यांनी तुलनेचे परिमाण वाक्य हे धरले. त्यांची ही योजना जानेवारी 1996 मध्ये मांडली गेली. म्हणजे 2014 च्या प्रोग्रॅममध्ये तंत्र म्हणून नवे असे फारसे नव्हतेच. ते कोठे लावावे ही कल्पना नवी होती.

पहाऱ्याच्या वारंवारतेचा प्रश्न मात्र गौण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जुंगहू चो व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी 1999 मध्ये 270 संकेतस्थळांवरील सुमारे 7 लक्ष 20 हजार पाने चार महिने रोज तपासली. व्यापारी स्थळांवरील 40 टक्क्यांहून अधिक पाने दररोज बदललेली आढळली. सरकारी व शैक्षणिक स्थळांवरील निम्म्याहून अधिक पाने चार महिन्यांत एकदाही बदलली नाहीत. रोज एकदा पाहणाऱ्यास दिवसात झालेले दहा बदल एकच दिसतात, ही मर्यादा त्यांनीच दाखविली. सरकारी पानांवर बदल विरळ. पण विरळ म्हणूनच, त्यांकडे वरचेवर कोणी पाहत नसल्याने, तो निसटून जाण्याचा संभव अधिक.

न्यायालयाबाहेरही याच प्रकारची उदाहरणे आहेत. इराकवरील 2003 च्या स्वारीस पाठिंबा देणाऱ्या राष्ट्रांच्या याद्या अमेरिकी अध्यक्षांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांपैकी काही मागाहून बदलण्यात वा काढून टाकण्यात आल्या, हे इलिनॉय विद्यापीठाच्या स्कॉट अल्थॉस व कालेव लीतारू यांनी 2008 मध्ये सिद्ध केले. त्यांना हे करता आले ते ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्यांनी योगायोगाने जुने पाठ जपून ठेवल्यामुळे. उलट नोव्हेंबर 2016 मध्ये स्थापन झालेल्या ‘एन्व्हायर्न्मेंटल डेटा अँड गव्हर्नन्स इनिशिएटिव्ह’ने पर्यावरणविषयक सरकारी पानांवर पद्धतशीर पहारा बसविला. 28 एप्रिल 2017 रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्या स्थळावरून हवामानबदलाचा विभाग दूर केला तेव्हा तुलनेसाठी जुने पाठ तयार होते. योगायोगाचे साधन आणि योजिलेले साधन यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

तरी या साधनाचे महत्त्व अवास्तव वाढविणे योग्य होणार नाही. पहारा बसण्यापूर्वीचे फेरफार त्यास अगोचर असतात. 2000 ते 2014 या काळात न्यायालयाच्या स्थळावर काय काय बदलले याची संपूर्ण यादी कोणत्याही प्रोग्रॅमला देता येत नाही. बदल कोणी सुचविला, न्यायमूर्तींनी, त्यांच्या सहायकाने की बाहेरच्या वाचकाने, हेही यंत्र सांगत नाही. त्यासाठी खासगी कागदपत्रांकडेच जावे लागते, आणि लॅझरस गेलेही होते.

5 ऑक्टोबर 2015 रोजी न्यायालयाने जाहीर केले की, यापुढे सुट्या निर्णयपत्रांतील फेरफार संकेतस्थळावर खुणेने दाखविले जातील व त्यांचा दिनांक दिला जाईल. निर्णयांत उल्लेखिलेल्या वेबपानांच्या प्रती जतन करण्याची व्यवस्थाही त्याच वेळी करण्यात आली. ही सुधारणा एकट्या त्या प्रोग्रॅममुळे झाली असे म्हणण्यास आधार नाही. लॅझरस यांचा लेख व वृत्तपत्रांतील टीका यांचाही भार होता. परंतु टीकेला उत्तर देता येते. दर 5 मिनिटांनी येणाऱ्या वर्दीला द्यावयाचे उत्तर एकच उरले होते.

27 जून 2024 रोजी ओहायो राज्य व पर्यावरण संरक्षण संस्था यांच्यातील वादात न्यायमूर्ती नील गोरसच यांच्या निर्णयपत्रात, धुरक्यास कारण होणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांऐवजी, पाच ठिकाणी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्य वापरतात तो हसविणारा वायू, असा उल्लेख झाला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त प्रत संकेतस्थळावर आली.