लोकाधारित देखरेख व नियोजन (आरोग्यसेवा)

सरकारी आरोग्यसेवा प्रत्यक्षात कशी मिळते हे तपासणे आणि ती कशी असावी हे ठरवणे, या दोन्ही कामांत सेवा घेणाऱ्यांना अधिकृत स्थान देणारी पद्धत. महाराष्ट्रात ती २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सुरू झाली.

पूर्वपीठिका : आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने मांडले. त्याआधीच, १९७० पासून, जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनाच विचारले. त्यातून शोधग्राममध्ये नातेवाइकांसह राहता येईल असा, झोपड्यांच्या धर्तीवरचा दवाखाना उभा राहिला. त्याला नावही आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे मिळाले. हे प्रयोग नावाजले गेले, पण ते संस्थांचे होते. सरकारी दवाखान्याला जाब विचारण्याची सोय त्यांत नव्हती. ती मागणी जन आरोग्य अभियानाने लावून धरली. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासोबत देशभर झालेल्या जनसुनवाया हा तिचा महत्त्वाचा टप्पा.

रचना : प्रायोगिक टप्प्यातील नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद (आता धाराशिव) या पाच जिल्ह्यांपासून आरंभ झाला. राज्य पातळीवरील समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे आला. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पाच स्तरांवर समित्या असतात. गावची समिती लसीकरण, नर्सबाईंच्या भेटी, औषधसाठा, बाळंतपणाच्या सोयी यांची माहिती गोळा करून प्रगतिपत्रक भरते. हिरवा रंग चांगल्या, पिवळा मध्यम आणि लाल वाईट सेवेसाठी. अक्षरओळख नसलेल्यांनाही पत्रक वाचता यावे हा त्यामागचा विचार.

जनसुनवाई : या पद्धतीचा गाभा. केंद्राच्या आवारात किंवा तालुक्याच्या गावी मांडव पडतो; व्यासपीठावर आरोग्य अधिकारी, लोकप्रतिनिधी, पत्रकार असे पंच बसतात आणि रुग्ण उभे राहून आपले प्रकरण सांगतात. औषधे बाहेरून आणायला लावणाऱ्या चिठ्ठ्या, मोफत उपचारासाठी घेतलेले पैसे, कुलूपबंद उपकेंद्र या नेहमीच्या तक्रारी. चिठ्ठी कागदावर असल्याने ती नाकारता येत नाही. तोंडी तक्रारीचे तसे नसते. उत्तर तिथेच, सर्वांसमोर द्यावे लागते. ही दोषारोपांची सभा होते असा आक्षेप डॉक्टरांकडून आला. त्यात तथ्य असले, तरी रिक्त पदे व अपुरा औषधपुरवठा ही डॉक्टरांची स्वतःची गाऱ्हाणीही याच मांडवात वरिष्ठांपर्यंत पोचली, हे नोंदवले पाहिजे.

नियोजन : देखरेखीच्या मानाने दुबळी बाजू. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीचा निधी कशावर खर्च करावा यात लोकांचे मत घेण्याचे प्रयत्न झाले.

इतर सेवा : अंगणवाडीच्या पोषणसेवांसाठीही ही पद्धत काही भागांत वापरली गेली. रोजगार हमीतील सामाजिक अंकेक्षण याच जातीचे. त्याला २००५ च्या कायद्याच्या कलम १७ चा आधार आहे. आरोग्यातील देखरेखीला असा स्वतंत्र कायदा नाही.

नागरी भाग : वरील रचना ग्रामपंचायत व ग्रामसभा गृहीत धरते. शहराच्या कडेची गावे महापालिकेत गेली की हा पायाच निघतो. हवेली तालुक्यातील मांजरी बुद्रुक हे ठळक उदाहरण. गाव जून २०२१ मध्ये अन्य गावांसोबत पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. ग्रामपंचायत संपली, आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांचीही मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे त्या काळात समाविष्ट गावांत दवाखान्याविषयी विचारायला ना सरपंच उरला, ना नगरसेवक. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात (२०१३) मात्र वस्तीपातळीवर महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. साधारण ५० ते १०० कुटुंबांमागे एक समिती आणि तिला वर्षाला ५,००० रुपये अबंधित निधी, असे तिचे स्वरूप आहे.