आजीचे कुंकू काळे का?

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. १९३६ च्या सुमारास तालुक्याच्या गावातील एका स्टुडिओत काढलेला. नऊवारी लुगडे, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात, मागे रंगवलेल्या पडद्यावर खांब आणि फुलझाडाची कुंडी. कपाळावरचे कुंकू कोळशाने लावावे तसे काळेभोर, आणि चेहराही बराच काळसर. मी आजीला पाहिलेले नाही. आत्या नेहमी सांगे, "आई चांगली गव्हाळ होती." आम्ही भावंडे हसत असू. आत्याची आठवण पुसट झाली असेल, पण फोटो कशाला खोटे बोलेल? (रंगाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण इथे प्रश्न साक्षीदार कोण खरा, हा होता.) कुंकू लाल असूनही काळे दिसते, तर चेहऱ्याबद्दलही शंका घ्यावी, हे मात्र आम्हा कोणाच्या डोक्यात आले नाही. मी स्वतः विज्ञान शिकत असूनही!

या शंकेचे उत्तर शोधायचे तर बरेच मागे जावे लागते.

प्रकाशाने काळे पडणारे पदार्थ माणसाला छायाचित्रापूर्वी शंभर वर्षे तरी माहीत होते. चांदीचे क्षार उघड्यावर ठेवले की काळवंडतात. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागल्यावर बोटे बरेच दिवस काळी राहतात, हा अनुभव प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाला आहे. पण हे कशामुळे होते? हवेमुळे, उष्णतेमुळे की उजेडामुळे? सूर्य तापवतो आणि उजेडही देतो, त्यामुळे दोन्ही कारणे नेहमी हातात हात घालूनच येतात. त्यांना वेगळे करण्याचे काम १७१७ च्या सुमारास योहान हाइनरिख शुल्झ या जर्मन प्राध्यापकाने केले. चांदीचा अंश असलेले नायट्रिक आम्ल आणि खडूची पूड यांचे मिश्रण खिडकीत ठेवले असता उन्हाची बाजू गडद झालेली त्याला दिसली. त्याने तेच मिश्रण भट्टीच्या उष्णतेत ठेवून पाहिले. ते काळे पडले नाही. म्हणजे उष्णता निर्दोष. मग त्याने बाटलीभोवती अक्षरे कापलेला कागद गुंडाळला आणि बाटली उन्हात ठेवली. कागद काढल्यावर आतल्या पांढऱ्या मिश्रणावर ती अक्षरे उमटलेली होती. बाटली हलवली की अक्षरे नाहीशी. 'एका वेळी एकच कारण बदलून पाहा' हे वर्गात शिकवायचे असेल, तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा टप्पा स्वीडनच्या शेले या औषधविक्रेत्याचा. प्राणवायूच्या शोधात ज्याचे नाव घेतले जाते, तोच हा. १७७७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने दोन गोष्टी नोंदवल्या. एक, लोलकातून पाडलेल्या रंगपटात सिल्व्हर क्लोराइड धरले, तर ते जांभळ्या टोकाला सर्वांत लवकर काळे पडते. दोन, काळा पडलेला भाग म्हणजे धातुरूप चांदी असते. अमोनियात न बदललेले क्लोराइड विरघळते, ही चांदी मात्र विरघळत नाही. पहिल्या निरीक्षणाचा धागा पकडून १८०१ मध्ये रिटरने जांभळ्याच्याही पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, क्लोराइड काळे पडते हे दाखवले आणि अतिनील किरण सापडले. दुसऱ्या निरीक्षणाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

आणि ते जायला हवे होते. १८०२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड आणि हंफ्री डेव्ही यांनी सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर व चामड्यावर पाने, कीटकांचे पंख, काचेवरची चित्रे ठेवून त्यांच्या छाया उमटवल्या. अडचण एकच होती. चित्र पाहायचे तर उजेड हवा, आणि उजेडात आणले की उरलेला कोरा भागही काळा होणार. म्हणून ही चित्रे मेणबत्तीच्या मिणमिणत्या प्रकाशात चोरून पाहावी लागत! न बदललेला क्षार धुऊन काढायचा उपाय पंचवीस वर्षांपूर्वी छापून झालेला होता, आणि डेव्हीसारखा रसायनज्ञ तो शोधत बसला होता. छायाचित्रणाचा शोध उशिरा लागला तो भिंगाअभावी नव्हे. अंधाऱ्या पेटीत प्रतिमा पाडणे चित्रकारांना केव्हाचे ठाऊक होते. अडले ते चित्र टिकवण्यापाशी. एकाने केलेले दुसऱ्याने वाचले नाही म्हणून विज्ञान किती वेळा थांबून राहिले असेल, कोण जाणे.

यानंतरची कथा पुस्तकांतून पुष्कळदा येते, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये निसेफोर नीप्स याने चांदीचा नाद सोडून उजेडाने कडक होणारे एक प्रकारचे डांबर वापरले. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ते लावून १८२६-२७ च्या सुमारास त्याने आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य टिपले. कॅमेऱ्याने घेतलेले, आज शिल्लक असलेले हे सर्वांत जुने चित्र. या चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर एकाच वेळी! पत्रा इतका मंद होता की सूर्य इकडून तिकडे जाईपर्यंत उघडा ठेवावा लागला. पूर्वी आठ तास म्हणत, आता काही अभ्यासक अनेक दिवस म्हणतात. म्हणजे पहिल्याच छायाचित्राने कोणत्याही माणसाने कधीही न पाहिलेला देखावा दाखवला. नीप्सचा भागीदार दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तर त्यात रस्ता ओस पडलेला. धावत्या गाड्या आणि चालणारी माणसे पत्र्यावर उमटण्याइतकी कुठेच थांबली नाहीत. फक्त बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक जण उमटला.

चित्र टिकवण्याचा पक्का उपाय इंग्लंडच्या जॉन हर्शेलने दिला. आपण ज्याला हायपो म्हणतो ते सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवते, हे त्याने १८१९ मध्येच नोंदवले होते. जानेवारी १८३९ मध्ये दागेरच्या शोधाची वार्ता आली, पण कृती गुप्त होती. ती कळायची वाट न पाहता हर्शेल कामाला लागला, त्याला आपले जुने निरीक्षण आठवले आणि महिना संपायच्या आत त्याने चित्र कायम करून दाखवले. डार्करूममध्ये दीडशे वर्षे हायपोच वापरला गेला. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही त्याचेच. त्याच काळात टॅल्बट या इंग्रज गृहस्थाने एका कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची पद्धत बसवली. पुढे त्याने आपल्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, त्याचे नावच 'निसर्गाची पेन्सिल' अशा अर्थाचे होते. चित्र निसर्गाने काढले, माणसाचा हात त्यात नाही, म्हणून ते खरे असणार, ही समजूत तेव्हापासूनची.

या समजुतीला पहिला टोला छायाचित्रकारानेच मारला, तोही १८४० मध्ये! इपोलित बायार हा पॅरिसमधला सरकारी नोकर. त्याने स्वतंत्रपणे कागदावर थेट पॉझिटिव्ह चित्र काढण्याची रीत शोधली होती. काळा केलेला सिल्व्हर क्लोराइडचा कागद आयोडाइडमध्ये भिजवून कॅमेऱ्यात ठेवायचा. उजेड पडेल तिथे तो पांढरा होई. जून १८३९ मध्ये त्याने आपल्या चित्रांचे प्रदर्शनही भरवले. दागेरची कृती तोवर जाहीर झालेली नव्हती. पण दागेरच्या मागे आरागोसारखा वजनदार शास्त्रज्ञ उभा होता. दागेरला सरकारने वर्षाला सहा हजार फ्रँकचे निवृत्तिवेतन दिले. बायारच्या हातावर सहाशे फ्रँक ठेवले गेले, तेही एकदाच.

ऑक्टोबर १८४० मध्ये बायारने स्वतःचा फोटो काढला. उघडे अंग, मान कललेली, डोळे मिटलेले. मागे त्याने लिहिले की हा बायारचा मृतदेह आहे, सरकारने दागेरला सर्व काही दिले आणि बायारसाठी काही करता येत नाही म्हटले, तेव्हा या दुर्दैवी माणसाने पाण्यात उडी घेतली. शेवटी वाचकांना सल्ला आहे: फार वेळ थांबू नका, चेहरा आणि हात सडू लागले आहेत. खरोखरच चित्रात चेहरा आणि हात बाकीच्या अंगापेक्षा काळे दिसतात. बायार अर्थात जिवंत होता आणि पुढे १८८७ पर्यंत जगला. पण ते काळे हात कशाचे? ते उन्हात रापलेले होते, एवढेच. रापलेली कातडी निळा प्रकाश फार थोडा परत पाठवते, आणि बायारच्या कागदाला निळ्या-जांभळ्याखेरीज जवळजवळ काही दिसतच नव्हते. शेलेने १७७७ मध्ये पाहिले होते तेच हे. निसर्गाच्या पेन्सिलीने आपले काम चोख केले. खोटे होते ते पाठीमागचे चार शब्द.

पुढच्या छायाचित्रकारांनी शब्दांवरच समाधान मानले नाही. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदर बागेत इंग्रजांनी सुमारे दोन हजार शिपायांची कत्तल केली. फेलिचे बेआतोचे त्या जागेचे चित्र प्रसिद्ध आहे. अंगणभर सांगाडे विखुरले आहेत, मागे पडकी इमारत. पण बेआतो तिथे पोचला तो १८५८ च्या वसंतात. चित्रासाठी हाडे पुन्हा बाहेर काढून मांडली गेली, असे अभ्यासक मानतात. कत्तल खरी, जागा खरी, हाडेही खरी, आणि तरीही हे दृश्य कत्तलीनंतरचे नाही. अशा चित्राला खरे म्हणायचे की खोटे? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा, अर्धा तास सहज जातो.

दुसरे उदाहरण क्रायमियाच्या युद्धातले, आणि ते मला विशेष आवडते, कारण त्याचा निकाल भौतिकशास्त्राने लागला. १८५५ मध्ये रॉजर फेन्टनने एका ओसाड घळीची एकाच जागेवरून दोन चित्रे घेतली. एकात तोफगोळे रस्त्यावर पसरले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आणि गोळे कडेच्या चरात. आधी कोणते? रस्ता साफ केला, की परिणाम साधण्यासाठी गोळे आणून टाकले? दीडशे वर्षे प्रत्येकाने फेन्टनच्या स्वभावाविषयीच्या आपल्या मतानुसार उत्तर दिले. एरॉल मॉरिस हा अमेरिकन माहितीपटकार २००७ मध्ये या प्रश्नाच्या मागे लागला, थेट क्रायमियात जाऊन आला. सावल्यांवरून काही ठरेना. शेवटी लक्ष गेले ते उतारावरच्या क्षुल्लक दगडांकडे. दोन चित्रांमध्ये काही दगड थोडे सरकले होते, बहुधा कोणाच्या तरी पायाने. मोकळ्या रस्त्याच्या चित्रात ते वर आहेत, गोळ्यांच्या चित्रात खाली. दगड आपण होऊन चढ चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा, गोळे नंतर आले. ते कोणी आणि का टाकले, हे मात्र दगड सांगत नाहीत. चित्र घेणाऱ्याला काय दाखवायचे होते याच्याशी या दगडांना काही देणेघेणे नव्हते, म्हणूनच त्यांची साक्ष भरवशाची.

आपल्याकडे छायाचित्रण लवकर आले. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेव्हाच्या जाणकार छायाचित्रकारांपैकी होते. पण काचा त्याच, निळ्यापुरत्याच डोळस. जुन्या चित्रांत आकाश नेहमी कोरे पांढरे का, त्याचे कारण हेच. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेलला असे दिसले की विशिष्ट रंगद्रव्य मिसळलेल्या काचा हिरवा प्रकाशही टिपतात. त्यातून हिरवा दिसणाऱ्या, पण लाल न दिसणाऱ्या काचा आणि फिल्म आल्या. लालही टिपणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या, तरी लहान स्टुडिओंतून जुन्याच बराच काळ चालल्या. कारण सोपे आहे. ज्या काचेला लाल दिसत नाही, ती लाल दिव्याच्या उजेडात बघत बघत धुता येते. लाल दिसणाऱ्या काचेसाठी संपूर्ण काळोख लागतो.

आजीचा फोटो अशाच काचेवर घेतलेला असणार. कुंकवातून परत येणारा प्रकाश जवळजवळ सगळा लाल. काचेच्या लेखी तिथे अंधारच होता. आपल्या गव्हाळ कातडीतूनही तांबूस प्रकाश जास्त आणि निळा कमी येतो. तो तांबूस वाटा काचेने मोजलाच नाही.

हे पडताळून पाहणे आता सोपे झाले आहे. मोबाइलवर घेतलेले कोणतेही रंगीत छायाचित्र संगणकावर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत वेगळे करता येते. लाल भाग टाकून द्यावा, निळा ठेवावा आणि हिरव्याचा थोडा अंश मिसळून करडे चित्र बनवावे. पांढऱ्या कागदावर कुंकू, हळद आणि नीळ यांचे तीन ठिपके काढून आधी त्यावर प्रयोग करावा. कुंकू आणि हळद काळपट होतात, नीळ उजळते. मुलांना फार मजा वाटते.

मागच्या दिवाळीत मी हा प्रयोग आत्यावर केला. ती आता पंचाऐंशीच्या पुढे आहे. अंगणात तिचा फोटो घेतला, लाल काढून टाकला आणि पडद्यावर तिला दाखवला. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिले.

"हा आईचा कधी काढला?" ती म्हणाली.