डब्लिनला आधुनिक चित्रकला दाखविणाऱ्या मेनी जेलेट

सन १९२३. 'सोसायटी ऑफ डब्लिन पेंटर्स'च्या प्रदर्शनात २६ वर्षांच्या एका तरुणीची चित्रे भिंतीवर लागली. त्यांत ना माणूस होता, ना निसर्ग. होते ते केवळ एकमेकांत गुंफलेले रंगीत आकार. 'आयरिश टाइम्स'ने विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून छायाचित्र छापले. कवी आणि चित्रकार जॉर्ज रसेल यांनी घनवादाला कलेतील मलेरिया ठरविले आणि या तरुणीची गणना त्याच्या उशिरा सापडलेल्या बळींमध्ये केली. ती तरुणी म्हणजे मेनी जेलेट. आयर्लंडमध्ये अमूर्त चित्रे जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही कलावंतांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

जेलेट यांचा जन्म २९ एप्रिल १८९७ रोजी डब्लिनच्या फिट्झविल्यम स्क्वेअर या प्रतिष्ठित वस्तीत झाला. वडील विल्यम जेलेट बॅरिस्टर आणि पुढे ब्रिटिश संसदेचे सदस्य, आई संगीतज्ञ. मेनी स्वतः उत्तम पियानो वाजवीत आणि संगीत की चित्रकला, हा प्रश्न त्यांच्यासमोर बराच काळ होता. अखेर चित्रकलेने बाजी मारली. डब्लिनमध्ये विल्यम ऑर्पेन आणि लंडनमध्ये वॉल्टर सिकर्ट यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. लंडनमध्येच त्यांना एव्ही होन भेटल्या. बालपणी झालेल्या पोलिओमुळे अधू झालेली ही मैत्रीण त्यांची आयुष्यभराची सहप्रवासी ठरली.

१९२१ मध्ये दोघी पॅरिसला आंद्रे लोत यांच्या कार्यशाळेत दाखल झाल्या. लोत घनवादी खरे, पण विषयाचा धागा न सोडणारे. या दोघींना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी थेट अल्बेर ग्लेझ यांचे दार ठोठावले. ग्लेझ विद्यार्थी घेत नसत. या दोघींच्या चिकाटीपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर असे सपाट आकार घ्यायचे, ते सरकवायचे, फिरवायचे आणि त्यांतून लय साधायची, ही ग्लेझ यांची पद्धत. ती आकाराला येत असतानाच या दोघी तिथे होत्या. त्यामुळे त्यांना केवळ शिष्या म्हणणे अपुरे ठरेल. पुढे जवळपास दहा वर्षे त्या नेमाने फ्रान्सला जात राहिल्या.

पॅरिसमध्ये राहणे जेलेट यांना अवघड नव्हते. तरीही त्या प्रत्येक वेळी डब्लिनला, ज्या शहराने त्यांची थट्टा केली त्याच शहरात, परतल्या. घरी शिकवण्या घेतल्या, व्याख्याने दिली, लेख लिहिले. नवीन चित्र कसे पाहावे हे त्या न कंटाळता समजावून सांगत. या कामात त्यांची शक्ती खर्च झाली, हेही खरे. श्रद्धाळू वृत्तीच्या जेलेट यांच्या चित्रांत १९२८ च्या 'होमेज टू फ्रा अँजेलिको'पासून धार्मिक प्रतिमा उघडपणे दिसू लागल्या. १९३५-३६ मध्ये लंडनला भरलेल्या चिनी कलेच्या भव्य प्रदर्शनानंतर त्यांचे निसर्गचित्रणही बदलले. 'अकिल हॉर्सेस' (१९४१) मधील घोडे आणि लाटा एकाच लयीत वाहतात.

१९३८ मध्ये ग्लासगोच्या एम्पायर प्रदर्शनातील आयरिश दालनासाठी भित्तिचित्रे काढण्याचे काम सरकारने त्यांनाच दिले. 'विक्षिप्त' चित्रांनंतर अवघ्या पंधरा वर्षांनी!

मात्र रॉयल हायबर्नियन अकादमीचा नव्या कलेविषयीचा दृष्टिकोन कठोरच होता. त्याला उत्तर म्हणून १९४३ मध्ये 'आयरिश एक्झिबिशन ऑफ लिव्हिंग आर्ट' हे प्रदर्शन सुरू झाले. लुई ल ब्रॉकी, नोरा मॅकगिनेस, एव्ही होन आदी कलावंत त्यात होते आणि अध्यक्षपदी जेलेट होत्या. दुसरे प्रदर्शन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कर्करोगाने १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अध्यक्षपदाची धुरा मॅकगिनेस यांनी उचलली आणि प्रदर्शनाची परंपरा पुढे कित्येक दशके चालली.

होन यांनी दरम्यान रंगीत काचचित्रांत नाव कमावले होते. इंग्लंडमधील ईटन कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील भव्य खिडकी त्यांचीच. १९५५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रान्वये जेलेट यांचे 'डेकोरेशन' हे चित्र आयर्लंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे आले. १९२३ मध्ये टीकेचे लक्ष्य ठरलेले ते हेच चित्र. २०२५ मध्ये याच संग्रहालयाने दोघी मैत्रिणींच्या चित्रांचे एकत्रित प्रदर्शन भरविले होते.