तिळाचे शेत आणि तेलाचे वाङ्मय

रायपूर–बिलासपूर महामार्गावरील सिलतरा आज लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. या परिसराचा कृषिइतिहास मात्र मातीच्या नावांत साठलेला आहे : कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. सखल जमिनीवर भाताचा पहिला हक्क. उंचवट्यावरची मुरमाड, पाणी न धरणारी भाटा जमीन कोदो, कुटकी, उडीद व तिळाच्या वाट्याला येते. साचलेले पाणी तिळाला सोसत नाही. त्यामुळे सर्वांत हलकी गणलेली ही जमीनच त्याला मानवते.

हेक्टरी चार-पाच किलो बियाणे आणि साधारण तीन महिने, एवढ्यावर निघणारे हे पीक अल्पभूधारकाचेच. कसोटी लागते ती कापणीला. बोंडे पिकली की तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून ती पिवळी पडू लागताच झाडे कापून, पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि उलट्या धरून झाडायच्या. न तडकणाऱ्या बोंडाचे झाड लँगहॅम यांना व्हेनेझुएलात सापडले ते १९४३ मध्ये. त्यानंतरच यंत्राने कापणीची वाट खुली झाली. भारतातील लहान शेतात हे काम अजूनही बहुतांशी हातांचेच आहे. (अलिबाबाच्या गुहेचा तिळाशी जोडलेला मंत्र या तडकण्यावरून आला, असा तर्क आकर्षक असला तरी सिद्ध नाही.)

पाणिनीने तिळाच्या शेतासाठी ‘तिल्य’ व ‘तैलीन’ ही वैकल्पिक रूपे सिद्ध केली. मराठीने तीळ घेतला, तेल घेतले. शेताचे नाव मात्र मागे राहिले. तिळापासूनचे ‘तैल’ पुढे कोणत्याही बियांच्या स्नेहाला लागू झाले. लॅटिन ‘ओलेउम’चा ऑलिव्हपासून झालेला विस्तार याला समांतर आहे, भेद असा, की ऑलिव्हच्या लागवडीला व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये जागा मिळाली.

मराठी व छत्तीसगढी परंपरा येथे एकत्र वाचणे योग्य ठरते. १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या कक्षेत आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तो संबंध टिकला. दोन्हीकडे तेलाला वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली. तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक मानले गेलेले चाकणचे संताजी जगनाडे यांच्या नावावरील अभंगांत घाणा रूपक होऊन येतो. महानदीकाठच्या राजिममध्ये तेल विकणाऱ्या राजिम तेलिणीची कथा सांगितली जाते. तिचे सांडलेले भांडे पुन्हा भरते आणि ठेच लागलेला दगड देवमूर्ती निघतो. राजीवलोचन मंदिरातील जगपालाचा शिलालेख ११४५ चा आहे, परंतु लोकमुखातल्या कथेला तोच काळ देणे धाडसाचे होईल.

या दोन्ही परंपरांत घाण्यापूर्वीचे शेत दिसत नाही. हे मौन अधिक खटकते, कारण छत्तीसगढातील तेली समाज मोठ्या प्रमाणात शेती करणारा आहे. गाळणारा आणि पेरणारा अनेकदा एकाच घरातले. संक्रांतीचा तीळगूळ, श्राद्धातले तिलोदक, ‘तिळमात्र’सारखे शब्द यांत दाणा सर्वत्र आहे; तो झाडणारे हात नाहीत.

सिलतऱ्याचा औद्योगिक विस्तार २००० च्या राज्यनिर्मितीच्या आगेमागे वाढला. जिथे भात नाही ती जमीन रिकामी, ही समजूत अशा विस्ताराला सोयीची असते. भाटा जमिनीवर काय पिकत होते, हे विचारण्यासाठी पाणिनीकडे शब्द होता.